अडलेली पंगत

पंगत अडली होती ती रेवामुळं.

भैरोबाचा भंडारा होता. शाळेच्या पटांगणात समोरासमोर दोन लांब ओळी बसल्या होत्या आणि पत्रावळ्यांवर गव्हाची खीर, भात, आमटी वाढलेली होती. फलटणपासून अर्ध्या तासावरच्या या गावात कालव्याची दारं आता उपग्रहाच्या निरोपावर उघडत, एसटी विजेवर धावे. पण पंगतीची रीत २०४३ सालातही जुनीच होती. ओळीतल्या शेवटच्या माणसाचं उरकल्याशिवाय कुणी उठायचं नाही.

शेवटचं माणूस सात वर्षांचं होतं. खिरीचा घास तिच्या छातीच्या मधोमध येऊन थांबला होता. रेवा उठून उभी राहिली, दोन्ही हात डोक्यावर ताणले, जागच्या जागी तीन उड्या मारल्या आणि तांब्यातलं पाणी घटाघटा प्याली. घास खाली ढकलायची ही युक्ती तिची तिनंच शोधून काढली होती. समोरची पोरं खिदळली.

"केतके, पोरगी जेवतीय का कवायत करतीय?" समोरून हौसाक्कांनी विचारलं. "पुढची पंगत उन्हात ताटकळलीय बाई."

रेवाची आई केतकी मान खाली घालून बसली. तिच्या शेजारी तिचे वडील होते, दिगंबर शेवाळे. कालव्यावर पाटकरी म्हणून अडतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. लेकी, नातवंडं, सगळे त्यांना आप्पाच म्हणत. आप्पांनी नेहमीचंच केलं. पत्रावळीच्या कडेला मुद्दाम राखून ठेवलेला भात पुढं ओढला आणि म्हणाले, "अक्का, माझंच व्हायचंय अजून."

"तुझं तर जन्मभर व्हायचंच आहे, दिगंबर!"

ओळ हसली आणि रेवावरची नजर हटली. आप्पा खरोखरच सावकाश जेवत. लहानपणापासून घासाला एक घोट पाणी, असा त्यांचा हिशेब. त्यामुळं कुणाला संशय आला नाही.

पंगत उठली तेव्हा रेवा शाळेच्या मागच्या भिंतीला धरून ओकत होती. पडली ती खीर जशीच्या तशी होती, आंबूससुद्धा झाली नव्हती. पोटापर्यंत ती पोचलीच नव्हती.

"आप्पा," तोंड पुसत ती म्हणाली, "पुढच्या वर्षी मी घरीच थांबते. म्हणजे सगळ्यांना लवकर उठता येईल."

आप्पांनी तांब्यातलं उरलेलं पाणी तिच्या ओंजळीत ओतलं. मोक्याच्या वेळी बोलणं त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

*

पुण्याच्या बालरुग्णालयात डॉ. शबाना तांबोळींनी रेवाला वजनकाट्यावर उभं केलं. साडेचौदा किलो भरलं. त्यांनी कपाळाला आठी घातली आणि रेवाला शेजारच्या खोलीत चित्रं काढायला पाठवलं.

"सोपं करून सांगते," त्या केतकीला म्हणाल्या. बोलण्यात सांगलीचा हेल होता. "तोंडापासून शेवटापर्यंत अन्नाच्या वाटेवर स्नायूंची कडी असतात. दारंच म्हणा. ही दारं एरवी मिटलेली असतात. मिटून राहायला त्यांना कुणी सांगावं लागत नाही, उघडायला मात्र निरोप लागतो. तो निरोप नसांची टोकं एका वायूच्या रूपात सोडतात, नायट्रिक ऑक्साइड. क्षणभर जगणारा वायू आहे. तो आला की दार सैल पडतं, अन्न पुढं जातं. रेवाच्या अन्ननलिकेच्या खालच्या दाराला हा निरोप पोचत नाही."

आप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीत टोपी बोटांत फिरवत ऐकत होते. दारं आणि निरोप त्यांना समजत होते. त्यांचा जन्म त्यातच गेला होता.

"काही बाळांचं जठराचं दार महिन्याभराचं असतानाच मिटतं आणि दूध कारंज्यासारखं बाहेर पडतं," डॉक्टर पुढं म्हणाल्या. "काही मुलांचं अगदी शेवटचं, शौचाच्या जागचं आतलं कडं सैल पडत नाही. आठ-आठ दिवस पोट साफ होत नाही. आम्ही डॉक्टर लोकांनी या तिघांना तीन वेगळे आजार म्हटलं. डॉक्टर वेगळे, कपाटंही वेगळी. अलीकडं काही जणांना वाटायला लागलंय की निदान काही घरांत तरी मूळ एकच असावं. मलाही वाटतं."

आप्पांच्या बोटांतली टोपी थांबली.

डॉक्टरांनी पडद्यावर एक चित्र आणलं. मागच्या खेपेला रेवाच्या दंडाची चिमूटभर कातडी घेऊन त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत मागं, अगदी गर्भातल्या वयापर्यंत नेल्या होत्या आणि तिथून नव्यानं वाढवून नखाएवढ्या काचेच्या चकतीवर एक चिमुकलं दार तयार केलं होतं. त्यात रेवाचेच स्नायू होते आणि रेवाच्याच नसा.

"हेही उघडत नाही. म्हणजे खोट हिच्या पेशींतच आहे, बाहेरून आलेली नाही. हिच्या जनुकांत संशय घ्यावा अशा अडतीस जागा आहेत. प्रत्येकीचं औषध वेगळं. चुकीचं दिलं तर उरलेल्या नसा मरतील. घरात असाच त्रास असलेलं आणखी कुणी मिळालं, तर दोघांत सामाईक काय ते बघून चोर पकडता येतो. पण आमची वंशवेल म्हणते, कुणी नाही."

वंशवेल म्हणजे रुग्णालयाचं नातेसंबंध जोडणारं यंत्र. केतकीनं मान हलवली. "नाही डॉक्टर. आमच्यात कुणालाच नाही."

"मग सतरा दिवसांनी शस्त्रक्रिया. दाराचा स्नायू कापून मोकळा करू. घास उतरेल. पण कापलेलं दार नीट मिटत नाही, जळजळ जन्माची. आणि मूळ तसंच राहिलं, तर उद्या दुसरं दार अडणार नाही याची हमी मी देऊ शकत नाही."

केतकी रडायला लागली.  त्या खोलीत फक्त आप्पांनाच माहीत होतं की घरात आणखी कुणी आहे. एक नाही, दोन आहेत.

थोरली लेक सारिका बार्शीला दिलेली. तिचा ओम पाच आठवड्यांचा असताना दूध पोटात ठरेना. पोटाला चीर देऊन जठराचं दार मोकळं करावं लागलं. सासूनं चारचौघांत 'हर्निया' म्हणून सांगितलं, आणि सारिकानं आप्पांचा हात धरून म्हटलं, बहिणींनाही कळता कामा नये. मधली अश्विनी कऱ्हाडला. तिची सानिका आता बारा वर्षांची. दोन उन्हाळ्यांपूर्वी आजोळी आली असताना ती भल्या सकाळी पाटावर आपला परकर धूत बसलेली आप्पांना दिसली. पोरीच्या पोटात आठवडा-आठवडा साठून राहायचं आणि मग नको तेव्हा कपडे खराब व्हायचे. आप्पांनी काही न विचारता परकर तिच्या हातातून घेतला, पिळला आणि वाळत घातला. तेव्हा सानिकानं त्यांना शपथ घातली. "माझ्या गळ्याची शपथ. कुणालाच सांगायचं नाही. आईलासुद्धा नाही की तुम्हाला कळलंय."

तिन्ही घरांची गुपितं एकाच म्हाताऱ्याच्या पोटात येऊन पडली होती. आणि त्या म्हाताऱ्यानं ती एकमेकांशेजारी ठेवून पाहिली नव्हती.

"बाई," निघताना आप्पांनी हळूच विचारलं, "या वेलीत मी कुठं आहे?"

डॉक्टरांनी पडद्यावर वेल आणली. रेवा, तिचे वडील, त्यांचे वडील, पणजोबा, चार पिढ्यांच्या फांद्या. आईच्या बाजूला मात्र 'केतकी' हे एकच पान होतं. त्याला ना देठ, ना खोड.

"वेल शिधापत्रिकांवरून बनवलीय," डॉक्टर म्हणाल्या आणि एकाएकी थांबल्या. जणू त्यांनाही ते पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

आप्पांना तहसील कचेरीतली खिडकी आठवली. मुलीचं लग्न झालं की माहेरच्या शिधापत्रिकेवरून तिचं नाव कमी करायचं, दाखला घ्यायचा आणि तो सासरी द्यायचा. तीन लग्नं, तीन खेपा. तिन्ही वेळा अर्ज त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिला होता.

*

केतकी आणि रेवाला त्यांच्या पुण्यातल्या घरी सोडून आप्पा एकटेच निघाले. परतीच्या एसटीत त्यांना कालव्यावरची एक जुनी गोष्ट आठवत राहिली. तेव्हा मोटरीवरची दारं नवीन होती. पाणी सोडायच्या एका पाळीला तीन चाऱ्यांची, म्हणजे पोटकालव्यांची, दारं एकदम अडली. साहेबांनी तीन मेकॅनिक धाडले. कुणी वंगण घातलं, कुणी साखळी बदलली, कुणी दारच फोडायला निघाला. आप्पांना पहिल्या दिवसापासून वाटत होतं की मोटरी नुसत्या गुरगुरतात, फिरत नाहीत. दारं चांगली आहेत, लाइनलाच विजेचा दाब नाही. पण आपण साधे पाटकरी, साहेबांपुढं कसं बोलायचं? ते बोलले तिसऱ्या दिवशी. तोवर दोन मोटरी जळाल्या होत्या.

फलटणला उतरल्यावर ते गावाकडं वळले नाहीत. तशीच पुढची गाडी धरून कऱ्हाडला गेले.

प्रीतिसंगमाच्या घाटावर दुपारचं उतरतं ऊन होतं. शाळा सुटल्यावर सानिका दप्तरासकट पायरीवर येऊन बसली. दप्तरात नेहमीसारखा कपड्यांचा जादा जोड होता.

"तुम्ही न कळवता आलात म्हणजे काहीतरी मागायला आलात," ती म्हणाली.

"मागायलाच आलोय. तुझी शपथ परत दे."

सानिकाचा चेहरा एकदम मिटला. आप्पांनी तिला सगळं सांगितलं. चकती, अडतीस जागा, सतरा दिवस, काहीही वगळलं नाही.

"रेवाचं वरचं दार, तुझं खालचं. डॉक्टरीणबाईंना वाटतं, किल्ली एकच असंल."

"असंल म्हणजे? नक्की नाही?"

"नक्की नाही."

"मग समजा मी सांगितलं, सगळ्यांना कळलं, आणि किल्ली वेगळीच निघाली तर?"

'नाही गं, तसं होणार नाही' हे शब्द आप्पांच्या ओठावर आले होते. ते त्यांनी गिळले. "तर तुझं गुपित फुकट गेलं. माझ्यामुळं. आणि मी तुला ते परत आणून देऊ शकणार नाही."

सानिकानं कोयना-कृष्णेचं पाणी एक होतं तिकडं पाहिलं. मग म्हणाली, "रेवाला पोरं हसतात?"

"हसतात. ती उड्या मारते म्हणून."

"मला वर्गात कुणी हसत नाही. नुसतं लांब बसतात." तिनं पायरीवरचा खडा पाण्यात फेकला. "एक अट आहे. तुम्ही नाही सांगायचं. मी सांगणार. तुम्ही सांगताना आवाज बारीक करता, जसं काय मी चोरीच केलीय."

"बरं."

"सुटली," सानिका म्हणाली. लहान मुलं म्हणतात तसं, हवेत चुटकी वाजवून. "शपथ सुटली, आप्पा."

संध्याकाळी अश्विनीनं आधी आकाशपाताळ एक केलं. "आप्पा, दोन वर्षं तुम्हाला माहीत होतं? आणि मी रविवारी-रविवारी 'गाण्याचा क्लास' म्हणून हिला एनिमाला नेते, तुम्हीही 'कसा चाललाय क्लास' म्हणून विचारत होतात?"

"तू सांगत होतीस, म्हणून विचारत होतो."

अश्विनीला रडता रडता हसू फुटलं. आप्पांनी तिथूनच सारिकाला फोन लावला.

"पंधरा वर्षं झाली त्याला!" सारिका तिकडून तडकली. "ओम आता तालुक्याला कबड्डी खेळतो. कशाला उकरून काढायचं? सासूबाई काय म्हणतील?"

आप्पांचा आवाज आपसूक बारीक होऊ लागला. त्यांनी समोर सानिकाकडं पाहिलं. ती भुवया उंचावून उभी होती. आप्पांनी घसा खाकरला आणि जन्मात पहिल्यांदाच थोरल्या लेकीशी चढ्या आवाजात बोलले. "सासूबाईंना काय म्हणायचं ते म्हणू दे. ओमच्या पोटावर आहे तसलाच व्रण रेवाच्या पोटावर काढायचा का, एवढं तू सांग."

पलीकडं कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला. मग सारिकानं विचारलं, "कोणत्या वारी यायचं?"

*

मंगळवारी डॉ. तांबोळींच्या खोलीत खुर्च्या पुरेनात. सानिका सगळ्यांच्या पुढं जाऊन उभी राहिली.

"मी सानिका. रेवाची मावसबहीण. मला आठवडाभर शौचाला होत नाही आणि मग कधीकधी कपडे खराब होतात. जन्मापासून." ती ओमकडं वळली. "आता तू."

"मला काय, मला तर आठवतपण नाही," सहा फुटी ओम लाजून म्हणाला आणि त्यानं शर्ट वर करून व्रण दाखवला. केतकी एकदा सारिकाकडं, एकदा अश्विनीकडं बघत राहिली. मग तिघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या की बाहेरची परिचारिका धावत आत आली.

डॉक्टरांनी वंशवेल उघडली. तीन शहरांतली तीन तुटकी पानं शेजारी शेजारी आणली. "मूळ कोण?"

"मी," आप्पा म्हणाले. "तिघींची नावं मीच जाऊन कमी केली होती."

"मग आता तुम्हीच वाढवा." त्यांनी कळफलक आप्पांपुढं सरकवला. आप्पांनी एका बोटानं, वेळ घेऊन, तीन नावं आपल्या नावाखाली लिहिली. सारिका. अश्विनी. केतकी.

सगळ्यांचं रक्त घेतलं. पाचव्या दिवशी अडतिसांपैकी सदतीस जागा गळाल्या. एक राहिली. तिन्ही मुलांत तीच होती, तिन्ही आयांत होती आणि आप्पांतही.

"निरोपाचा वायू बनवणारं यंत्र तुमच्या पेशींत ठाकठीक आहे," डॉक्टरांनी समजावलं. "पण ते चालायला एक सोबतीचा रेणू लागतो, तो या घराण्यात कमी बनतो. कुणात थोडा कमी, कुणात फार. पाळण्यात असताना कमी पडला तर जठराचं दार अडतं, पुढं पडला तर दुसरं एखादं."

"म्हणजे लाइनला दाब नाही," आप्पा पटकन म्हणाले आणि बोललो म्हणून ओशाळले.

"काय म्हणालात?"

आप्पांनी कालव्याची गोष्ट सांगितली. डॉक्टर टेबलावर पुढं वाकून ऐकत होत्या. "अगदी हेच! कमी दाबात मोटर नुसती थांबत नाही, जळते. हे यंत्रही सोबती नसला की वायूऐवजी विषारी कण सोडायला लागतं आणि नस हळूहळू मरते. पण रेवाच्या नसा अजून जिवंत आहेत, आप्पा. मोटरी जळालेल्या नाहीत."

आप्पा आनंदले नाहीत. "म्हणजे तिन्ही लेकरांना हे माझ्याकडनंच गेलं."

"नाकसुद्धा तुमच्याकडनंच आलंय," केतकी नाक पुसत म्हणाली. "त्याबद्दल आम्ही कधी काही बोललो का?"

तो रेणू पुडीच्या रूपात मिळत होता. एका वेगळ्याच, दुर्मीळ आजारासाठी. डॉक्टरांनी आधी चकतीवर थेंब सोडला. पडद्यावर रेवाचं चिमुकलं दार मोठं होऊन दिसत होतं. फिकट गुलाबी, घट्ट मुठीसारखं. नसेला इशारा दिला, पण दार हललं नाही. तीन मिनिटं झाली, सात झाली. केतकीनं डोळे मिटून घेतले. अकराव्या मिनिटाला मुठीची कड थरथरली. मग अंग सैल सोडून झोपणाऱ्या बाळासारखं ते दार उमललं, क्षणभर उघडं राहिलं आणि आपोआप, शहाण्यासारखं परत मिटलं.

खोलीत कुणी टाळी वाजवली नाही. भीती वाटत होती सगळ्यांना.

"ते माझं आहे?" रेवानं विचारलं.

"तुझंच."

"मग ते उघडलं आणि मी अजून उपाशीच!"

तेव्हा कुठं सगळे हसले, आणि सगळ्यांत मोठ्यानं डॉक्टर तांबोळी. पण हसून झाल्यावर त्यांनी बजावलं, चकती म्हणजे मूल नव्हे. पुडी रेवाला द्यायला रुग्णालयाच्या समितीची परवानगी आली, शस्त्रक्रिया महिनाभर पुढं ढकलली, नाकातल्या नळीनं रेवाला दूध सुरू झालं आणि रोज सकाळी एक पुडी. आठवडाभर काहीच घडलं नाही. आप्पा नळीकडं बघत बसत आणि आपण पोरीचं गुपित फुकट घालवलं की काय, या विचारानं खंगत. नवव्या दिवशी सकाळी रेवानं पलंगावर बसल्या बसल्या पेलाभर पाणी प्यायलं आणि पेला खाली ठेवला. ती उठली नाही, तिनं हातही वर केले नाहीत.

पेला ठेवल्यावर मग तिच्या लक्षात आलं. "आई," ती म्हणाली, "मी उडी मारायला विसरले."

महिन्याच्या शेवटी शस्त्रक्रियेची तारीख डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं खोडली. तीच पुडी घेणाऱ्या सानिकाला वेळ जास्त लागला, चार महिने. पण त्या हिवाळ्यात ती शाळेच्या सहलीला पाच दिवस हंपीला जाऊन आली. जादा जोड नेला होता. घडी न मोडता परत आला.

*

पुढच्या वर्षीच्या भंडाऱ्याला तिघी बहिणी सहकुटुंब आल्या होत्या. सानिका पदर खोचावा तशी ओढणी खोचून खीर वाढत होती आणि ओम पाण्याचा जग घेऊन फिरत होता. डॉ. तांबोळींचा सकाळीच फोन येऊन गेला होता. वंशवेलीत आता माहेरची बाजूही जोडायला लागले होते आणि आठ महिन्यांत अशी आणखी एकोणीस घरं सापडली होती.

रेवा आता एकवीस किलोची झाली होती. तिनं खीर दोनदा मागून घेतली, भात चेपला, आमटी ओरपली, पत्रावळ दुमडली आणि हात झटकून बसली. एकेक करत सगळी ओळ उरकली. फक्त आप्पांचं व्हायचं होतं. पुडी त्यांनाही दिली होती, पण ती ते घेत नसत. 'सत्तर वर्षं भागलं, आता कशाला,' हे त्यांचं म्हणणं.

समोरून हौसाक्का उठायला लागल्या. "चला गं, किती वेळ बसायचं—"

रेवा ताडकन उभी राहिली. गेल्या वर्षीची पोरं कवायत बघायला सरसावून बसली. पण तिनं हात डोक्यावर नेले नाहीत, कमरेवर ठेवले.

"अक्का, खाली बसा! आमच्या आप्पांचं व्हायचंय अजून."

हौसाक्का मुकाट्यानं बसल्या. त्यांच्यामागं अख्खी ओळ बसली. रेवानं आप्पांच्या पेल्यात पाणी ओतलं आणि त्यांच्या गुडघ्याला टेकून थांबली.

आप्पांचा शेवटचा घास खरं तर केव्हाच खाली उतरला होता. तरीही ते पत्रावळीवरची चार शितं बोटानं एकत्र करत राहिले. थोडा वेळ अडू दे पंगत.